वक्ता एक

२

या लॅपटॉपचे माझ्यावर उपकार आहेत, हे आधीच सांगून टाकते. पुढचं वाचताना तुम्हाला वाटेल, बाई घाबरलीय आणि तक्रार करतेय. घाबरले होते हे खरं. तक्रार मात्र नाही.

माझं काम ऐकायचं आणि टाइप करायचं. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्या मीटिंगमध्ये मी घरून, हेडफोन लावून हजर असते आणि जो जे बोलेल ते तिथल्या तिथे त्यांच्या पडद्यावर उमटवते. याला कॅप्शन म्हणतात. काही गाळायचं नाही, पदरचं काही घालायचं नाही. शब्द नसलेला आवाज आला तर तो कंसात टाकायचा: [दार वाजतं], [हशा], [ऐकू येत नाही]. बोलणाऱ्यांची नावं माहीत नसली तर तोंड उघडतील त्या क्रमाने आकडे द्यायचे, वक्ता एक, वक्ता दोन, वक्ता तीन. आणि आपण स्वतः अवाक्षर काढायचं नाही. दिवसाचे सात-आठ तास मी मुकी असते. आत्या म्हणते, "लग्न केलं असतंस तर नवरा सुखी झाला असता गं."

आमचं घर तळमजल्यावर, इमारतीच्या मागच्या अंगाला. भिंती जाडजूड. वायफायचा डबा पुढच्या खोलीत आणि त्याचा जीव त्या खोलीपुरताच. आतलं दार लोटलं की कॅप्शन अडखळायची, आणि कॅप्शन अडखळली की माझ्या क्लायंटला समोर नुसती तोंडं हलताना दिसायची. म्हणून वर्षानुवर्षं मी त्या डब्याला खेटून, दोन्ही कान झाकून बसत आले. सव्वा वर्षापूर्वी एजन्सीने हा लॅपटॉप पाठवला. याच्या पोटातच सिम आहे. मोबाईलला असतं तसंच, फक्त ते काढता-घालता येत नाही, आतच बसवून टाकलंय. वायफाय नको, मोबाईलचा हॉटस्पॉट नको. "उघडला की जोडलेला," एजन्सीचा मशीनवाला फोनवर म्हणाला होता. "मिटला तरी जोडलेलाच. तुम्ही काळजीच करू नका."

त्याच दिवशी मी माझं टेबल उचलून आत्याच्या खोलीच्या दाराशी नेलं. हेडफोनची एक वाटी कानावर, दुसरी कानामागे सरकवलेली. एक कान मीटिंगला, एक आत्याला.

आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, एक्क्याऐंशीची आहे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चौतीस वर्षं ऑपरेटर होती. तिने लॅपटॉप उलटसुलट करून पाहिला.

"वायर कुठाय याची?"

"नाहीच आहे."

"मग बोलणं जातं कुठून?"

"हवेतून."

"हवेतून जातं म्हणजे मधे कोणीही येऊ शकतं की," आत्या म्हणाली. "आमच्या बोर्डावर निदान कोण कुठे जोडलंय ते दिसायचं तरी."

३

एक कान मोकळा मिळाला याचं मला एवढं काय, ते सांगायला हवं.

आई सहा वर्षांपूर्वी गेली. याच घरात, आज आत्या झोपते त्याच खोलीत. दुपार होती. मी पुढच्या खोलीत डब्याला खेटून बसले होते, दोन्ही कान झाकलेले, आणि एका कारखान्याच्या धुराड्यावरून आठ जण एकमेकांच्या उरावर बसत होते. त्या गदारोळात मला अगदी बारीक हाक ऐकू आली. या कामात बोटं डोक्याला विचारत नाहीत. कानावर आलं की ती उमटवतात. मी टाइप केलं: [लांबून हाक]. आणि पुढच्या वाक्याला लागले.

चाळीस मिनिटांनी हेडफोन काढून, चहा घेणार का, हे विचारायला आत गेले.

नंतर कितीदा तरी मी त्या मीटिंगचं रेकॉर्डिंग ऐकलं. त्यात कोणी कोणाला हाक मारलेली नाही. आईच्या शेवटच्या हाकेला मी कंसात घातलं होतं. हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. आत्यालासुद्धा नाही.

आत्या त्यानंतर माझ्याकडे राहायला आली. तिचं हृदय थकलंय, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, आणि ती स्वतः त्याबद्दल हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलते. एकदाच काय ती गंभीर झाली. "एक्स्चेंजमध्ये एक शिस्त होती," ती म्हणाली. "समोरचा ठेवेपर्यंत आपण लाईन सोडायची नाही. माझ्या वेळेला तेवढं कर बाई. बाकी मला काही नको."

मी हो म्हणाले. त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला लागला होता, आणि तो थोडा तरी खाली आणला तो या लॅपटॉपने. म्हणून म्हणते, उपकार.

४

माझ्या नेहमीच्या क्लायंट एक आर्किटेक्टबाई आहेत. आठव्या वर्षी तापात त्यांचं ऐकणं गेलं. समोर एकच माणूस असेल तर त्या ओठ वाचतात, तेही माझ्या पेपर वाचण्यापेक्षा जलद. पण मीटिंगमध्ये दहा जण, त्यातले चार पाठमोरे, दोघे तोंडात पेन घालून बोलणारे. तिथे मी लागते. आमचं बोलणं नेहमी लिहूनच व्हायचं. माझा कॅमेरा कायम बंद, कारण कामाच्या वेळी मी जुना राखाडी स्वेटर घालून, केस वर बांधून बसते आणि ते दृश्य मी कोणावर लादत नाही.

एका सकाळी मीटिंग संपल्यावर त्यांनी लिहिलं, "एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचारा."

"तुमचे वक्ते दोनपासून का सुरू होतात?"

मला काही कळेना. मी पडद्यावरची नोंद वर सरकवून पाहिली. वक्ता दोन: सगळे आले का? वक्ता तीन: ठेकेदार यायचाय. वक्ता चार: [खोकतो]. एक नंबर कुठेच नव्हता.

"आजच झालं असेल," मी लिहिलं. "माफ करा."

"आजच? अहो, वर्षभर चाललंय. मला वाटायचं, एक नंबर तुम्ही साहेबलोकांसाठी राखून ठेवता. आमच्याकडे साहेब कधी वेळेवर आलाय!"

दुपारी मी जुन्या नोंदी उघडल्या. जुन्या मशीनवर नऊ वर्षं मी एकपासून मोजत होते. हा लॅपटॉप आला त्या दिवशीची पहिलीच मीटिंग दोनपासून सुरू झालेली, आणि त्यानंतरची प्रत्येक. मी स्वतःला समजावलं. आता मी आत्याच्या दाराशी बसते, घरातली जाग असते, मी नकळत स्वतःलाच एक धरत असेन. पटण्यासारखं होतं. दुसऱ्या दिवशी ठरवून बसले, तरी बोटांनी दोनच उमटवलं. ते खोडून एक लिहिलं, तर कोणी बसलेल्या खुर्चीवर चुकून टेकायला जावं तसं अंग आक्रसलं. मी पुन्हा दोन केलं आणि काम उरकलं.

तुम्ही वर पाहिलंच असेल, इथेही मी आकडे दोनपासूनच घातलेत. आता मुद्दाम घालते.

५

"आज काय गप्पा चालल्या होत्या एवढ्या?" आत्याने विचारलं. मी तिच्यासाठी सूप घेऊन आत गेले होते.

"कोणाच्या?"

"तुझ्या. काम करताना पुटपुटत असतेस ना. बरं वाटतं गं. घरात माणूस असल्यासारखं."

"आत्या, मी काम करताना बोलत नाही. बोलायचं नसतंच."

"हो का? म्हणजे म्हातारपणी लोकांना कमी ऐकू येतं आणि मला जास्त यायला लागलं."

"काय म्हणते मी?"

तिने चमचा सुपात फिरवला. चौतीस वर्षं लोकांचे आवाज ओळखण्यात गेलेली बाई ती, उगाच काही म्हणणार नाही. "शब्द नाही लागत," ती म्हणाली. "आवाज तुझा. जरा दमलेला. लांबचा कॉल असायचा ना, तसा."

मी हसले आणि तिचं सूप संपल्यावर बाऊल घेऊन स्वयंपाकघरात गेले. तिथे नळ सोडून ते दोनदा घासलं.

त्याच आठवड्यात मशीनवाल्याचा फोन आला. माणूस बोलका, आवाज कायम नुकतं जेवल्यासारखा.

"मॅडम, तुमचं मशीन रात्रंदिवस चालू असतं का हो?"

"मी सहाला मिटते."

"मिटल्यावरही सिम जागं राहतं, ते ठीक. मेल वगैरे येत राहतात. पण इथे आवाजाचा डेटा दिसतोय. सतत. कोणी कॉलवर असल्यासारखा."

"माझ्याकडून जातोय?"

"नाही ना, तीच तर गंमत आहे. तुमच्याकडे येतोय." तो थांबला. "कुठून, ते दाखवत नाहीये. काहीतरी सॉफ्टवेअरचा घोळ असणार. एक दिवस ते मोबाईल नेटवर्कचं बटण बंद करून बघता का?"

६

रविवारी काम नव्हतं. मी सेटिंगमध्ये जाऊन बटण बंद केलं. पडद्याच्या कोपऱ्यातल्या सिग्नलच्या चार दांड्या गेल्या.

घरात काहीच बदललं नाही. फ्रिज घरघरत होता, वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची ओढली, आत्याचा रेडिओ बारीक आवाजात चालू होता. मी कपड्यांच्या घड्या घालत बसले आणि स्वतःलाच हसले. एवढी शिकलेली बाई मी, एका बटणाला घाबरत होते.

अकराच्या सुमाराला आत्याने रेडिओ बंद केला. मग हाक मारली.

"काय गं?"

"काही नाही. आहेस का बघितलं."

वीस मिनिटांनी पुन्हा हाक. मग पुन्हा. आत्या हाका मारणाऱ्यातली नाही. पाणी हवं असलं तरी स्वतः उठेल. चौथ्या वेळी मी जाऊन पलंगाच्या कडेला बसले. तिने माझं मनगट धरलं. तिचा हात गार पडला होता.

"लाईन डेड झाल्यासारखं वाटतंय," ती म्हणाली. "बोर्डावर बसलं आणि सगळ्या वायरी गप्प झाल्या की असं व्हायचं. कानात नुसती पोकळी. आज तू बोलत का नाहीयेस?"

मी उठून दाराशी आले आणि बटण पुन्हा सुरू केलं. चार दांड्या आल्या. मी कान देऊन ऐकलं, मला काहीच ऐकू आलं नाही. आतून मात्र आत्याने सुस्कारा सोडला, आणि पाच मिनिटांत ती घोरायला लागली.

मशीनवाल्याला मी कळवलं, की घोळ मिटला.

७

आत्या पडली तो मंगळवार होता.

सकाळची मीटिंग पावणेअकराला संपली. मी लॅपटॉप मिटून टेबलावर ठेवला. आत्या झोपली होती. तिच्या गोळ्या संपल्या होत्या आणि औषधांचं दुकान कोपऱ्यावरच, दहा मिनिटांचं काम. दुकानात माझ्यापुढे तिघं होते. पहिल्याला चष्म्याशिवाय चिठ्ठी वाचता येत नव्हती आणि दुकानदाराला चष्म्यासकट.

फोन थरथरला. आर्किटेक्टबाई.

"तुम्ही काम करताय?"

"नाही. बाहेर आहे."

"मग हे काय येतंय? मी कॅप्शनची खिडकी बंद करायला गेले तर चालूच." पाठोपाठ त्यांच्या पडद्याचा फोटो.

[नळाचं पाणी]

[काहीतरी पडतं]

वक्ता दोन: आई गं.

वक्ता एक: हळू, आत्या. हलू नकोस. धरलंय मी.

वक्ता दोन: आधी तो नळ बंद कर.

[नळ बंद होतो]

कंस माझे. स्वल्पविराम माझे. रस्ता मी कसा ओलांडला, कुलूप कसं उघडलं, काही आठवत नाही. हातातली चिठ्ठी मात्र घरापर्यंत आली होती, मुठीत चोळामोळा होऊन.

आत्या न्हाणीघरात कुशीवर पडली होती. स्वेटर भिजलेला. डोक्याखाली टॉवेल, नीट चौघडी घातलेला. नळ घट्ट बंद.

"हळू, आत्या. हलू नकोस. धरलंय मी," मी म्हणाले. हे वाक्य मी ठरवून बोलले नाही, शपथ घेऊन सांगते. ते तोंडातून बाहेर पडलं आणि मग मला ते कुठे वाचलंय हे आठवलं.

"किती वेळा तेच सांगशील?" आत्या कुरकुरली. "मघापासून धरून बसलीयस. हात अवघडला असेल तुझा."

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडाला धरून पाहिला. खुब्याला केसाएवढी चीर. "या उठायला गेल्या असत्या तर हाड पार तुटलं असतं," त्या म्हणाल्या. "या वयात ते फार महागात पडतं. नशीब, कोणीतरी झोपवून ठेवलं यांना. सोबत होतं ना कोणी?"

आत्याच्या दंडावर चार बोटांच्या फिकट खुणा होत्या. मी त्यावर माझी बोटं ठेवून पाहिली नाहीत. पाहायला हवी होती असंही नाही.

"होतं," मी म्हणाले.

८

संध्याकाळी कपडे न्यायला घरी आले. लॅपटॉप मी ठेवला तिथेच, मिटलेला. झाकण उघडलं. स्पेसबारवर पाण्याचा एक टपोरा थेंब होता.

पडद्यावर सगळं होतं. वेळेसकट. माझं ते वाक्य अकरा वाजून दोन मिनिटांनी उमटलेलं. मी घरात शिरले तेव्हा सव्वाअकरा होत आले होते. मध्ये बारा मिनिटं, आणि बाराही मिनिटं कोणीतरी बोलत होतं.

वक्ता एक: [ऐकू येत नाही]

वक्ता दोन: तसं नाही गं. तुझी आई तुझ्यावर रागवेल का?

वक्ता एक: [ऐकू येत नाही]

वक्ता दोन: कंसात घातलंस तर घातलंस. ऐकलं होतंस ना? तेवढं पुरे.

मी खुर्चीत बसले. बाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होतं आणि ती टीं-टीं करत होती. मी कोणालाही सांगितलं नव्हतं. आत्यालाही नाही. सहा वर्षं.

मी पडद्याकडे बघत राहिले, आणि काय वाटलं ते खरंखरं सांगते. आधी भीती वाटली. आणि मग, त्या भीतीच्या तळाशी, हलकं वाटलं. माझी म्हातारी थंड फरशीवर बारा मिनिटं एकटी पडली नव्हती. मी तिथे नव्हते तेव्हा तिथे कोणीतरी होतं. कोण, हे विचारण्याआधी आभार मानायला हवेत, असं माझ्या मनाने घेतलं.

"आभारी आहे," मी रिकाम्या घरात मोठ्याने म्हणाले. मग पडद्याकडे पाहिलं. ते शब्द तिथे आधीपासूनच होते, शेवटच्या ओळीत. मी ती नीट वाचली नव्हती, एवढंच.

९

आत्या दोन आठवड्यांनी घरी आली. पलंगावरच असायची, पण तोंड पहिल्यासारखं चालू. मी टेबल आणखी एक हात आत सरकवलं. ती दुपारभर झोपायची, मी टाइप करायचे, आणि झोपेतच ती कधीतरी "हं" म्हणायची, गोष्ट ऐकताना म्हणतात तसं.

आर्किटेक्टबाईंचे आभार मानायचे राहिले होते. त्यांनी तो फोटो पाठवला नसता तर मी त्या दुकानात अजून किती वेळ उभी राहिले असते कोण जाणे. लिहून मानले होते, पण मला ते तोंडाने मानायचे होते. गुरुवारी चार वाजता त्यांची मीटिंग संपली, तेव्हा मी कळवलं, "दोन मिनिटं थांबता? कॅमेरा लावते. तुम्ही ओठ वाचा."

"अखेर दर्शन!" त्यांनी लिहिलं.

मी केस सारखे केले आणि कॅमेरा लावला. त्या पडद्यावर आल्या, चष्मा डोक्यावर, मागे नकाशांच्या सुरळ्या. कोपऱ्यात लहान चौकटीत मी होते. माझ्यामागे आत्याच्या खोलीचं अर्धवट लोटलेलं दार आणि तिच्या पलंगाचं टोक.

"तुमचे उपकार मी विसरणार नाही," मी म्हणाले. "तुमच्यामुळे आत्या आज घरात आहे."

त्या हसल्या. मग त्यांची नजर माझ्या तोंडावरून किंचित डावीकडे गेली आणि तिथेच राहिली. त्यांनी लिहिलं, "किती छान. दोघी सारख्याच दिसता. बहीण का?"

"कोण?"

"तुमच्यामागे उभ्या आहेत त्या. त्याच स्वेटरमधल्या. गंमत म्हणजे तुमचं वाक्य त्या तुमच्याआधी बोलतात. मी त्यांचंच वाचलं आधी. 'तुमचे उपकार मी विसरणार नाही.' मग तुम्ही बोललात."

मी मागे वळले नाही. कोपऱ्यातल्या लहान चौकटीत पाहिलं. माझा खांदा होता. त्याच्यामागे, दाराच्या सावलीत, राखाडी बाही होती, कोपरात उसवलेली. माझी त्याच जागी उसवलीय. तोंड दिसत नव्हतं. चौकट लहान होती आणि मी आणखी वाकून पाहिलं नाही.

मला भीती वाटायला हवी होती. पण सव्वा वर्ष माझ्या आत्याशी दिवसभर बोलत बसलेलं माणूस ते. मला हसू आलं. खरंच आलं.

"त्या काय म्हणतायत आता?" मी विचारलं.

आर्किटेक्टबाई चष्मा खाली ओढून पडद्याजवळ आल्या.

"आता बोलत नाहीयेत," त्यांनी लिहिलं. आणि मग, "अहो, त्या रडतायत."

मी अजून हसतच होते. आणि ती जे करते, ते मी नंतर करते.

मी हेडफोन काढला. दोन पावलं फक्त. हीच वेळ सव्वा वर्षापूर्वी आली असती तर मधे एक दार, एक बोळ आणि आणखी एक दार असतं.

सावलीत कोणी नव्हतं. आत्या जागी होती. उन्हाचा एक पट्टा तिच्या पांघरुणावर आडवा पडला होता.

"मीटिंग संपली एवढ्यात?"

"सुटी घेतली."

"आजवर कधी घेतलीस ती?" ती पुटपुटली. तिचा आवाज बारीक झाला होता. "काय झालं गं?"

"काही नाही. लाईनवर बसलेय." मी तिचा हात हातात घेतला. उबदार होता.

ती हसली. "मग बोल काहीतरी. बोर्डावर बसून गप्प बसायचं नसतं."

तेव्हा मी तिला सांगितलं. ती दुपार, ते धुराडं, ती बारीक हाक, माझी बोटं. सहा वर्षं कोणाला न सांगितलेलं सगळं, हळू आवाजात, एकेक शब्द करून. मध्ये तिने एकदा "हं" म्हटलं.

"रागावली असेल का गं आई?" मी विचारलं.

"तसं नाही गं. तुझी आई तुझ्यावर रागवेल का?" तिने डोळे मिटले. "आणि सांगितलंयस की हे मला. कंसात घातलंस तर घातलंस. ऐकलं होतंस ना? तेवढं पुरे."

टेबलावरच्या लॅपटॉपच्या चारही दांड्या भरलेल्या होत्या. उन्हाचा पट्टा पांघरुणावरून आमच्या हातांवर आला. आत्याची बोटं माझ्या बोटांत होती, तिचा श्वास चालू होता, मी वेळेवर आले होते. आणि माझे डोळे अजून कोरडे होते.